सुधरत नाही वं, माय

गाडी थांबू द्या

"गाडी थांबल्याबिगर उतरू नका" हे वाक्य माझ्या तोंडून जितक्यांदा निघालं, तितक्यांदा देवाचं नावसुद्धा निघालं नसेल. मी एसटीत कंडक्टर होतो. सारी नोकरी नागपूर-उमरेड रस्त्यावर गेली म्हणा ना. आणि रिटायर झाल्यावर दिघोरीच्या नाक्यावर चालत्या गाडीतून उतरलं कोण? मीच. ड्रायव्हर ओळखीचा, त्यानं माझ्यासाठी गाडी हळू केली, मी ऐटीत दांडा सोडला आणि जो खाली बसलो तो उठलोच नाही. माणसं जमली. त्यातला एक म्हणतो, "अरे, हा तं आपला कंडक्टर हाये! हाच आपल्याले शिकवत होता." कळ डोक्यापर्यंत गेली होती, तरी मला आधी राग आला तो त्याचाच.

आणीबाणी उठून निवडणुका झाल्या, त्या वर्षीच्या दिवाळीनंतरची ही गोष्ट. आता मी नंदनवनातल्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून हे लिहून राहिलो आहे, बाजूला काठी आहे. माझी फजिती सांगायला बसलो नाही. ती साऱ्या नंदनवनाला पाठ आहे. ज्यांच्या घरी एखादं म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं आहे, आणि ज्या पोरी पांढरे कपडे घालून अशा म्हाताऱ्यांची उस्तवार करतात, त्यांना मला एक शब्द सांगायचा आहे. पण सरळ तिथं जाता येत नाही. वाटेतले थांबे घ्यावे लागतील.

खुबा

मोठ्या दवाखान्यात फोटो काढला आणि डॉक्टर म्हणाले, खुबा मोडला. मला वाटलं, पाय मोडला तर पट्टा बांधतील, महिन्यात घरी. पण त्यांनी पायाला दोरी बांधून पलंगाच्या टोकाला वजनं लोंबकळवली आणि मला उताणं पाडून ठेवलं. जन्मभर उभ्यानं नोकरी केलेला माणूस मी. छताकडे बघत पडून राहायचं म्हणजे काय, ते मला तेव्हा समजलं.

हाड जुळायचं तेव्हा जुळलं. मग डॉक्टर म्हणाले, "आता चालणं तुमच्या हातात आहे."

"हातात कसं साहेब? पायात नाही का?" मी म्हटलं.

कोणी हसलं नाही. माझी बायको सुमन पदर तोंडाला लावून उभी होती. पोरगा अशोक खिडकीबाहेर बघत होता. मग तोच बोलला. "बाबा, तुमी चालाले लागा, मंग घरी नेतो. संडास मागं अंगणात, मधात पायऱ्या. आई दम्याची. तुमची सून शाळेत शिकवाले जाते, मी ड्युटीवर. तुमाले उचलन कोन?"

त्यानं खोटं काहीच सांगितलं नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं. मी त्याच्याशी दोन भेटी बोललो नाही. सुमन दोघांच्या मधे बसून संत्रं सोलायची, फोडीवरचा एकूण एक दोरा काढायची, आणि माझ्या हातात ठेवायची. 

म्हाताऱ्यांचा वॉर्ड

तिथून मला एका ट्रस्टच्या दवाखान्यात हलवलं. लांबणाऱ्या दुखण्यांची माणसं तिथं ठेवत. पाटीवर काहीतरी भारदस्त नाव होतं, पण रिक्षावाल्यापासून सारे त्याला म्हाताऱ्यांचा वॉर्ड म्हणत. पहिल्या दिवशी मला तिथं रडू आलं. आणि आज विचाराल, तर त्या वॉर्डाची आठवण आली की मला करमत नाही.

लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना पलंग, उंच खिडक्या, बाहेर लिंबाचं झाड. सकाळी थंडीत ऊन आधी समोरच्या भिंतीवर यायचं, मग फरशीवर, मग आमच्या पायांवर. ऊन पायावर आलं की वॉर्डातले सारे म्हातारे गप्प व्हायचे. आया होती मैनाबाई, तोंडानं फटकळ, पण चहा आणताना कोणाला साखर कमी, कोणाला बशीत ओतून, हे तिला विचारावं लागत नसे. कोपऱ्यात एक रेडिओ होता. तो लागायचा कमी, खरखरायचा जास्त.

मला काही कामधंदा नव्हता. मग मी पलंगांना थांब्यांची नावं दिली. माझा पलंग नागपूर. त्यापुढचा दिघोरी, मग विहीरगाव, पाचगाव, चांपा. आणि वॉर्डाच्या टोकाला एक दार होतं, त्यामागे एक छोटी खोली, ती उमरेड. "चांपावाल्याले चाय द्या," मी ओरडायचो आणि मैनाबाई बरोबर तिथं जायची. उमरेडचं नाव मात्र मी सहसा घ्यायचो नाही. त्या मागच्या खोलीत गेलेलं माणूस परत वॉर्डात येत नसे.

दिघोरीच्या पलंगावर, म्हणजे माझ्या शेजारी, श्रावणजी होते. मौद्याकडचे. दुसऱ्याच्या शेतात राबून म्हातारे झालेले, वाळून काडी झालेले, पण डोळे मिस्कील. मोठा आजार होता, हाडात उतरला होता. त्या आजाराचं नाव तेव्हा कोणी मोठ्यानं घेत नसे. रोज सकाळी उठल्याबरोबर ते दोन्ही हात जोडून साऱ्या वॉर्डाला "जयभीम!" म्हणायचे. मी म्हणायचो, "रामराम, श्रावणजी." ते म्हणायचे, "तेही चालते गा. उतरू मात्र नको चालत्या गाडीतून." सारा वॉर्ड हसायचा. तिथंसुद्धा माझी बातमी पोचली होती!

दर रविवारी त्यांची एकुलती पोरगी सुजाता मौद्याहून गाडीनं यायची. माय नव्हती. बापलेक दोघंच जगात. ती बोरं आणायची, आणि श्रावणजी एक एक बोर तोंडात घोळवत घरच्या बकरीपासून गावच्या भांडणापर्यंत सारं विचारून घ्यायचे. दात नव्हते, पण बोर सोडायचे नाहीत.

दुखतंय का?

आमची सिस्टर होती सुलभा. रत्नागिरीकडची, नुकतीच इकडे आलेली. चणीनं लहान, चालणं झपझप, बोलणं एकदम साफ. सकाळी फेरी मारायची आणि प्रत्येकाला विचारायची, "आजोबा, कुठं दुखतंय का?"

दिघोरी म्हणायचं, नाही. पाचगाव म्हणायचं, नाही. चांपा म्हणायचं, "नाही नाही, मस्त हाये." आणि मी? माझ्या खुब्यात कोणी खिळा ठोकतंय असं वाटत असायचं, आणि मी म्हणायचो, "एकदम फर्स्ट क्लास!"

आता तुम्ही म्हणाल, हा काय मूर्खपणा? पण आमच्या पिढीचं गणित समजून घ्या. आमच्यासाठी दुखणं म्हणजे साधी कळ नव्हे. दुखणं म्हणजे आजार, दुखणं म्हणजे खाट धरणं, दुसऱ्याच्या जिवाला घोर. "दुखतं" म्हटलं की आपण घरच्यांवर ओझं झालो, अशी कबुलीच. शिवाय ती बिचारी ज्या सुरात "जेवलात का" विचारायची त्याच सुरात "दुखतंय का" विचारायची. कोणी जेवलात का म्हटलं तर उपाशी माणूससुद्धा हो म्हणतो, नाही का? तसंच ते. आणि मला तर आणखी एक भीती होती. दुखतं म्हटलं तर म्हणतील, याचं हाड नीट जुळलंच नाही. मग अशोक कायमचा इथंच ठेवेल.

त्यामुळे झालं असं, की सिस्टरच्या हिशेबानं आमच्या वॉर्डात कोणालाच काही दुखत नव्हतं. फक्त म्हातारे उगाच चिडायचे, ताट ढकलायचे, अंग पुसायला गेलं की शिव्या द्यायचे आणि मला उभं करायला घोडी आणली की माझं डोकं गरगरायचं. घोडी म्हणजे ती धरून चालायची लाकडी चौकट. ती दिसली की मला दरदरून घाम फुटायचा.

"नाटकी हाये कंडक्टर," मैनाबाई म्हणायची.

"तू बस ना घोडीवर," मी म्हणायचो.

श्रावणजी गप्प झाले

संक्रांत गेली आणि श्रावणजींचा जयभीम बंद झाला. आधी मला वाटलं, थंडी आहे. मग त्यांनी ताट परत पाठवायला सुरुवात केली. मग एकदा अंग पुसताना त्यांनी मैनाबाईचा हात असा झटकला की पाण्याचं भांडं उलटं. दिवसभर उशीचं टोक मुठीत धरून ते एकच पुटपुटत राहायचे, "सुधरत नाही वं, माय. काही सुधरून नाही राह्यलं."

सुलभा सिस्टर त्यांच्या कपाळावर हात ठेवायची आणि म्हणायची, "सुधारेल हो आजोबा, हळूहळू सुधारेल. धीर धरा." जीव लावून म्हणायची, खोटं कशाला सांगू. ते तिच्याकडे असे बघायचे, की ही कोणती भाषा बोलते. पुन्हा तेच. "सुधरत नाही वं."

इकडच्या वाचकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे "सुधरत नाही" याचा सुधारण्याशी काही संबंध नाही. काही उमजत नाही, डोकं चालत नाही, काय करू नि कुठं जाऊ कळत नाही, असा त्याचा अर्थ. बाजारात पोरगं हरवलं की बाई म्हणते, मले काही सुधरून नाही राह्यलं. सिस्टरला वाटत होतं, म्हातारा म्हणतो प्रकृती सुधारत नाही. आम्हाला इकडच्यांना शब्द बरोबर समजत होता, आणि तरी आमची मजल कुठं गेली? मैनाबाई म्हणाली, "बुड्याची बुद्धी गेली. सोताच सांगते, सुधरत नाही मनून." आणि मीही मान हलवली. वय झालं, दुसरं काय.

त्या रविवारी सुजाता आली. बोरांची पुरचुंडी उशाशी ठेवली. "बाबा, मी आली."

श्रावणजींनी डोळे उघडले, तिच्यावरून नजर फिरवली आणि तोंड भिंतीकडे केलं. तिनं खांद्याला हात लावला तर ओरडले. तिनं हात असा मागे घेतला, चटका बसल्यासारखा.

"काका, बाबा माह्यावर रागावले का?" तिनं मला विचारलं. "का मले वळखतच नाही?"

 मी बोरांकडे बघत बसलो. फेरीला आलेले डॉक्टर तिला समजावून म्हणाले, या वयात असं होतं, आजारही पुढे गेलाय, आता त्यांना मागच्या खोलीत शांत ठेवू. सुजाता पदराचं टोक पिळत म्हणाली, "साहेब, जातीन तं जाऊ द्या, मी समजते. पन मले एकडाव वळखू द्या. एकडाव बोलू द्या."

सोमवारी श्रावणजींना उमरेडला नेलं. मी आयुष्यभर माणसं उमरेडला पोचवली, पण त्या दिवशी दिघोरीचा रिकामा पलंग बघून मला भडभडून आलं.

माझ्याच तोंडून निघालं

त्याच आठवड्यात सुलभा सिस्टर माझ्यावर उखडली. "काका, आज चक्करबिक्कर काही ऐकणार नाही. हाड जुळलंय. तुम्हांला काही दुखतही नाही, रोज तुम्हीच सांगता. मग उभे का राहत नाही?"

माझ्याच बोलण्यात मला अडकवलं बयेनं. एका बाजूनं ती, दुसऱ्या बाजूनं मैनाबाई, पुढे घोडी. मला उचललं. पाय जमिनीला लागला आणि खुब्यातून जी सणक निघाली ती थेट दातांत. समोरची भिंत दिसेना. सिस्टर काहीतरी बोलत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते, पण शब्द पोचत नव्हते. ती कोण, मी कुठं, काही नाही.

"काका! काका, काय होतंय?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "सुधरून नाही राह्यलं वं माय! मले काही सुधरून नाही राह्यलं!"

त्यांनी मला पलंगावर टेकवलं. सिस्टर पाठीवर हात फिरवत म्हणाली, "सुधारेल हो काका, दोन महिन्यांत..."

"अवं बाई!" मी चिडलो. "सुधारनं नाही, सुधरनं! इतकं ठनकून राह्यलं की डोस्कं बंद पडलं माहं! तू कोन हायेस ते सुद्धा समजून नाही राह्यलं मले!"

बोललो आणि माझं मीच ऐकलं. सिस्टर माझ्याकडे बघत होती. मैनाबाईनं तोंडावर हात ठेवला. आम्ही तिघंही वॉर्डाच्या टोकाच्या त्या दाराकडे बघत होतो.

"मग श्रावणजी," सिस्टर हळूच म्हणाली, "श्रावणजी मला रोज हेच सांगत होते?"

"माय वं," मैनाबाई म्हणाली. "आन् आपन म्हनलं बुद्धी गेली."

सिस्टर जवळजवळ पळतच डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर भले माणूस होते. आले, श्रावणजींच्या कुशीला, पाठीच्या कण्याला हात लावून बघितला, आणि बराच वेळ त्यांच्याजवळ बसले. मग म्हणाले, कळ थांबवायचं औषध आजपासून ठरल्या वेळी द्यायचं, मागायची वाट बघायची नाही. आणि अंग पुसायच्या आधी, कूस बदलायच्या आधी द्यायचं, ते ओरडल्यावर नाही.

देवालासुद्धा गरिबासाठी यापेक्षा जास्त काही करता आलं असतं असं मला वाटत नाही.

सिस्टरची शाळा

दुसऱ्या दिवशी सुलभा सिस्टर खुर्ची ओढून माझ्यापाशी बसली. "काका, मला तुमची भाषा शिकवा. दुखतंय का विचारलं तर तुम्ही सगळे मला फसवता. काय विचारू?"

काय मजा आली राव त्या दिवसांत! सारा वॉर्ड मास्तर झाला. चांपावाला म्हणाला, "काहून कन्हून राह्यले असं विचारा," म्हणजे का कण्हता असं. पाचगाववाला म्हणाला, मला दुखत नाही कधी, मला सणकते, तेही मांडी आखडली की. विहीरगावच्या म्हाताऱ्याला आग होत होती. "आग होते, दुखत नाही," तो ठासून म्हणाला, जणू दुखतं म्हणणाऱ्यानं त्याला शिवीच दिली होती. कोणाला ठणका, कोणाला चमक, कोणाचं अंग मोडून यायचं. एकूण एक माणूस कुठं ना कुठं कळवळत होता, आणि एकानंही आजवर "दुखतं" म्हटलं नव्हतं!

सिस्टर तोंड भरून म्हणायची, "काय होऊन राह्यलं गा?" आणि तिच्या त्या कोकणी हेलात "गा" असा काही निघायचा की म्हातारे खोकेपर्यंत हसायचे. मैनाबाई म्हणायची, "सिस्टर, बुड्याले गा, बुडीले वं. मले गा म्हनू नका!" पण हसता हसता माणसं सांगायची. ती "आहे का, नाही का" असं विचारायचीच नाही. "कसं होऊन राह्यलं, कुठं होऊन राह्यलं?" असं विचारायची आणि उत्तर येईपर्यंत थांबायची. हलवायच्या आधी विचारायची, हलवून झाल्यावर पुन्हा विचारायची. जे बोलू शकत नव्हते त्यांच्या कपाळाच्या आठ्या बघायची, मुठी बघायची, ताटात काय उरलं ते बघायची. पलंगापाशी उभी राहिली की हातातलं काम बाजूला ठेवायची. तेवढंच, पण आम्हाला ते फार वाटायचं.

मीही एका सकाळी लाज सोडली. "सिस्टर, खरं सांगू? मले पयल्या दिवसापासून लय ठनकते. घोडी दिसली की भेव वाटते."

"मग आधी का नाही सांगितलंत हो?"

"सांगतलं तं पोरगा घरी नेनार नाही."

तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "काका, सांगितलं नाहीत तर चालणार नाही. चाललात नाही तर घरी कसे जाल?" एवढी साधी गोष्ट, पण माझ्या टाळक्यात शिरली नव्हती. त्या दिवसापासून चालायच्या थोडं आधी मला गोळी मिळायला लागली. मैनाबाईनं त्याचा पाढाच केला. चहा ठेवता ठेवता म्हणायची, "आधी गोळी, मंग घोडी!"

जयभीम, कंडक्टर

एका सकाळी, ऊन नुकतंच फरशीवर आलं होतं, आणि मागच्या खोलीतून आवाज आला. बारीक, चिरका, पण साफ.

"जयभीम, कंडक्टर!"

बाप्पा! माझ्या हातातला चहा सांडला. "रामराम, श्रावणजी!" मी इतक्या जोरात ओरडलो की रेडिओसुद्धा गप्प झाला असेल.

"तेही चालते गा!"

सारा वॉर्ड उठून बसला. म्हणजे ज्यांना बसता येत होतं ते. मैनाबाई डोळे पुसत हसत होती आणि सिस्टर दारात उभी राहून, दोन्ही हात कमरेवर ठेवून, साऱ्यांवर रागावल्याचं सोंग करत होती.

त्या रविवारी सुजाता आली तेव्हा मी तिला काहीच सांगितलं नाही. म्हटलं, जा, बघ. दार उघडं होतं, त्यामुळे सारं ऐकू आलं. ती घाबरत घाबरत म्हणाली, "बाबा, मी आली."

 मग श्रावणजींचा आवाज. "बकरी व्याली का वं?"

 मग ती जी रडली, ती जी रडली! आणि श्रावणजी म्हणत होते, "अवं, रडते काहून? मेली का काय बकरी?"

"नाही बाबा. दोन पिल्लं झाली."

"मंग रडते कायले? बोरं आनली का?"

मी चादर डोक्यावरून ओढून घेतली. मलाही रडताना कोणी बघू नये असं वाटत होतं.

त्यांचा आजार हटला नव्हता, हटणारही नव्हता. ते त्यांनाही माहीत होतं, सुजातालाही. सिस्टरच्या अर्थानं काहीच सुधारत नव्हतं. पण आमच्या अर्थानं त्यांना सुधरत होतं. पोरगी ओळखू येत होती, बोराची गोडी कळत होती, माझी टिंगल करता येत होती.

उमरेडपर्यंत

मग मी चालायला लागलो, आणि चाललो ते थांबे घेत. पहिल्या दिवशी दिघोरी. तिथं बसलो, घाम पुसला, परत. पुढे विहीरगाव. पाचगावला पोचलो त्या दिवशी म्हाताऱ्यानं मला अर्धं संत्रं दिलं. चांपाला जाऊन परत आलो तेव्हा उन्हाळा लागला होता, खिडक्यांना वाळ्याचे तट्टे बांधले होते आणि मैनाबाई त्यांवर पाणी मारत होती. तो ओल्या वाळ्याचा वास आजही कुठं आला की मला तो वॉर्ड दिसतो, आणि घोडीवर टेकलेले माझे हात.

ज्या दिवशी उमरेड गाठलं, त्या दिवशी अशोक आला होता. मागून चालत होता, दोन्ही हात पुढे करून, तो लहान असताना मी त्याच्यामागे चालायचो तसा. मी म्हटलं, "हात खाली कर बे, गाडी चालू हाये." तो हसला. कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं एका गोष्टीवर हसलो.

श्रावणजी उशीला टेकून बसले होते. आणखी वाळले होते. मी त्यांच्या पलंगाची कड धरली. "आली गा उमरेड."

"बेल मारली का?"

"मारली."

"मंग आता परत जा. घरी जा." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "माहं तिकीट पुढचं हाये."

 मग मी त्यांचाच शब्द त्यांना विचारला. "सुधरते का गा, श्रावणजी?"

"सुधरते," ते म्हणाले. "साजरं सुधरते."

दुसऱ्या दिवशी मी घरी आलो. अंगणातल्या पायऱ्यांना अशोकनं कठडा बसवून घेतला होता. सुमन दारात भाकरीचा तुकडा ओवाळायला उभी होती आणि तिला इतका दम लागला होता की ओवाळणं राहिलं आणि मीच तिला धरून आत नेलं.

बोरं

उन्हाळा सरायच्या आत श्रावणजी गेल्याचं मैनाबाईनं निरोप धाडून कळवलं. मला जाता आलं नाही. आता वॉर्डही पहिल्यासारखा राहिला नाही म्हणतात. सुलभा सिस्टर बदलीनं परत कोकणात गेली. तिकडच्या एखाद्या म्हाताऱ्याला ती अजून "काय होऊन राह्यलं गा" विचारत असेल आणि तो चमकत असेल, असा विचार करून मी इथं ओट्यावर एकटाच हसतो.

पुढच्या थंडीत एका दुपारी फाटक वाजलं. सुजाता होती. हातात बोरांची पुरचुंडी.

सुमननं चहा टाकला. मी विचारू की नको करत होतो, शेवटी विचारलं, की शेवटी कसं झालं.

"मी जवळच होती, काका," ती म्हणाली. "सकाळी मले म्हने, दोन्ही पिल्लं इकू नको, एक ठेव. मंग म्हने, पानी दे. पेले. माह्या तोंडाकडं पाह्यलं आन् म्हने, तू जेवली का?"  पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. "काका, बाबाले शेवटपर्यंत सुधरत होतं."

सुमन चहाची कपबशी हातात घेऊन दारातच उभी राहिली होती. मी बोरांची पुरचुंडी सोडली, एक बोर सुजाताला दिलं, एक सुमनला, एक तोंडात टाकलं.

"तू जेवली का, पोरी?" मी विचारलं. "आन् खरं सांग."

"नाही," ती म्हणाली.

सुमननं चहा खाली ठेवला आणि भाकरीचं पीठ घ्यायला आत गेली.